भामट्याच्या मेलवर हक्क कोणाचा?

लातूरच्या आडत बाजारातल्या एखाद्या व्यापाऱ्याचा मेलबॉक्स उघडा. सोयाबीनच्या भावाची चौकशी एखादीच, ‘आपले कर्ज मंजूर झाले आहे’ असे सांगणारे मेल मात्र ढीगभर. हा कचरा गाळणारा फिल्टर प्रत्येक मेल तपासतो, त्यासाठी त्याची प्रत करतो. आता १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मजकूर स्वतः रचला की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही. भामटाही याला अपवाद नाही! मग चोर कोण, तो की फिल्टर?

फिल्टर आत काय करतो ते आधी पाहू. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम यांनी लोकप्रिय केलेली पद्धत थॉमस बेझ यांच्या अठराव्या शतकातल्या संभाव्यतेच्या सूत्रावर चालते. समजा, ‘बक्षीस’ हा शब्द १००० नकोशा मेलपैकी २०० मध्ये आणि १००० कामाच्या मेलपैकी फक्त २ मध्ये सापडला. दोन्ही प्रकारचे मेल सारखेच येत असतील, तर ‘बक्षीस’ असलेला नवा मेल नकोसा असण्याची शक्यता ९९ टक्के. अशा अनेक शब्दांचे आकडे एकत्र करून निकाल लागतो. मागे उरते ती नुसती मोजदाद, आणि कॉपीराइट शब्दांच्या रचनेला असतो, मोजदादीला नाही. आडतीवरचे ओलावा मोजणारे यंत्र सोयाबीन कोणाच्या रानातले हे कुठे विचारते?

राहता राहिली मोजण्याआधीची प्रत. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी वापराला आणि संशोधनाला रास्त मुभा देते. मेल पोचवताना होणारी क्षणिक साठवण २०१२ च्या दुरुस्तीने त्यात आली. त्यामुळे नांदेडच्या विद्यार्थिनीने प्रोजेक्टसाठी स्वतःच्या मेलबॉक्समधले स्पॅम, म्हणजे असे नकोसे मेल, जमवले, तर माझ्या मते तिने घाबरू नये. तोच साठा जसाच्या तसा इंटरनेटवर टाकला तर गोष्ट वेगळी. तिथे कॉपीराइटपेक्षा लोकांची नावे आणि पत्ते उघडे पडण्याची काळजी मोठी.

खरी मजा उलट्या वापरात आहे. २००२ मध्ये अमेरिकेत स्पॅमविरोधी केंद्रीय कायदा नव्हता, कॉपीराइटचा मात्र भक्कम होता. तेव्हा हेबियस नावाच्या कंपनीने स्वतःचा एक हायकू मेलच्या शीर्षभागात घालायला दिला. परवानगी फक्त स्पॅम न पाठवणाऱ्यांना. हायकू दिसला की फिल्टर मेलला झुकते माप देई, आणि चोरून वापरणाऱ्यावर कॉपीराइट भंगाचा दावा. तीन ओळींच्या कवितेला राखणीला बसवायचे, डोके अफाटच! पण २००४ मध्ये स्पॅमवाले तोच हायकू बिनदिक्कत चिकटवू लागले. ज्यांचा ठावठिकाणाच नाही, त्यांना नोटीस धाडायची कुठे?