आंतरप्रोसेसर इंटरप्ट

एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या संगणकात एका प्रोसेसरने दुसऱ्याचे चालू काम मध्येच थांबवून त्याला कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) एखाद्या कामाला लावण्यासाठी पाठवलेला इशारा. रोजच्या बोलण्यात त्याला ‘आयपीआय’ म्हणतात. कीबोर्ड, डिस्क किंवा नेटवर्क कार्ड यांचे इंटरप्ट बाहेरच्या उपकरणांकडून येतात. आयपीआय मात्र कर्नल स्वतःच स्वतःच्या दुसऱ्या कोअरवर (सूचना स्वतंत्रपणे चालवणाऱ्या प्रोसेसरवर) धाडतो.

या इशाऱ्यात मजकूर जवळजवळ नसतोच. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत प्रत्येक कोअरला ‘लोकल एपिक’ नावाचा इंटरप्ट नियंत्रक असतो. त्याच्या आज्ञा-रजिस्टरमध्ये (आज्ञा लिहिण्याच्या छोट्या कप्प्यात) कोणत्या कोअरला उठवायचे ते आणि 8 बिटांचा एक क्रमांक लिहिला की इशारा निघतो. पलीकडचा कोअर त्या क्रमांकावरून ठरलेले हँडलर, म्हणजे त्या इशाऱ्यासाठीचे फंक्शन, चालवतो. नेमके काय करायचे ते मेमरीतल्या रांगेत आधीच मांडलेले असते. फोंडा–पणजी बसच्या मागच्या दारातून कंडक्टर शिट्टी मारतो तेव्हा कोण उतरणार हे शिट्टीतून कळत नाही, आणि म्हार्दोळच्या थांब्यावर चौघे उतरणार असले तरी शिट्टी एकच पुरते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची रीतही तीच. रिकाम्या रांगेत पहिले काम पडले तरच आयपीआय निघतो; आधीचे काम शिल्लक असेल तर नवे नुसते मागे जोडले जाते.

क्रम मात्र चुकून चालत नाही. रांगेतील नोंद दुसऱ्या कोअरला दिसण्याआधी इशारा पोचला, तर तो कोअर रिकाम्या रांगेकडे पाहून परत जाईल. जुन्या पद्धतीत एपिकच्या रजिस्टरात लिहिणे हे मेमरीत लिहिण्यासारखेच असल्याने हा क्रम आपोआप राखला जाई. नंतरच्या ‘एक्स-टू-एपिक’ पद्धतीत ती हमी नाही, म्हणून लिनक्स तेथे मुद्दाम फेन्स, म्हणजे आधीचे लिहिणे पुरे झाल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी सूचना, घालतो.

आयपीआयची गरज मुख्यतः तीन ठिकाणी पडते. शेड्यूलरने (कोणते काम कधी चालवायचे ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाने) दुसऱ्या कोअरवर एखादे काम जागे केले की तेथे नव्याने निवड करायला सांगावे लागते. एखादे फंक्शन विशिष्ट कोअरवरच चालवायचे असते. आणि तिसरे, सर्वांत खर्चिक, म्हणजे टीएलबी साफ करणे. मेमरीचे एकदा शोधलेले पत्ते लक्षात ठेवणारी प्रत्येक कोअरमधली छोटी साठवण म्हणजे टीएलबी. एकाच प्रोग्रॅमचे थ्रेड (समांतर चालणारे भाग) चार कोअरवर चालू आहेत आणि त्यातल्या एकाने मेमरीचा तुकडा परत केला, असे धरू. पेज टेबलातील (प्रोग्रॅमच्या पत्त्यांसाठी मेमरीतील खरी जागा सांगणाऱ्या तक्त्यातील) नोंद पुसली, तरी उरलेल्या तीन कोअरच्या टीएलबीत जुना पत्ता राहू शकतो आणि इंटेलचे हार्डवेअर तो आपण होऊन काढत नाही. मेमरीचे ते पान (तो तुकडा) दुसऱ्या प्रोग्रॅमला दिले गेले, तर पहिल्याचा थ्रेड परक्याच्या मेमरीत लिहू शकेल. म्हणून पुसणारा कोअर बाकीच्यांना आयपीआय पाठवतो आणि सर्वांनी आपापली नोंद काढल्याची पोच मिळेपर्यंत थांबतो.

खरी किंमत या थांबण्याची आहे. एका कोअरने इंटरप्ट बंद ठेवले असतील तर पाठवणारा खोळंबतो. दोघांनीही इंटरप्ट बंद ठेवून एकमेकांना आयपीआय पाठवला आणि दोघेही पोचेची वाट पाहू लागले, तर यंत्र गोठते. इंटरप्ट बंद असताना दुसऱ्या कोअरवर फंक्शन चालवून त्याची वाट पाहायला लिनक्समध्ये मनाई आहे ती यासाठीच. उपकरणे चालवणारे ‘ड्रायव्हर’ प्रोग्रॅम लिहिणारे नवशिके या नियमावर हमखास अडखळतात.

कर्नल लिहिणाऱ्यांची बरीचशी हुशारी आयपीआय टाळण्यातच खर्ची पडते. रिकामा कोअर मेमरीतील एका खुणेवर नजर ठेवून असेल, तर ती खूण बदलली की तो उठतो. इंटरप्ट लागत नाही. आर्म प्रोसेसरांत टीएलबी पुसण्याची सूचनाच इतर कोअरपर्यंत प्रसारित होऊ शकते. एएमडीने तिसऱ्या पिढीच्या एपिक प्रोसेसरांपासून तशी सूचना दिली आणि 2025 च्या लिनक्स 6.15 मध्ये तिचा वापर सुरू झाला. (हे ‘एपिक’ प्रोसेसरचे ब्रँडनाव, वरच्या इंटरप्ट नियंत्रकाशी त्याचा संबंध नाही.)

यंत्र सुरू होतानाही आयपीआय लागतो. इंटेल पद्धतीत आधी एकच कोअर जागा होतो. तो इतरांना ‘इनिट’ आणि मग ‘स्टार्टअप’ हे खास आयपीआय पाठवतो. स्टार्टअपमधील क्रमांकाला 4096 ने गुणले की सुरुवातीचा पत्ता मिळतो, त्यामुळे तो कोड मेमरीच्या पहिल्या 1 एमबीतच ठेवावा लागतो. पावसाळ्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वीज जाऊन आली की प्रत्येक डेस्कटॉप संगणक हा विधी पुन्हा पहिल्यापासून करतो.

फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात असो वा सांकवाळच्या बिट्स पिलानी संस्थेत, ऑपरेटिंग सिस्टिम शिकणाऱ्याला हे सारे पाहायला वेगळे उपकरण नको. लिनक्सच्या ‘प्रॉक’ डिरेक्टरीतील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडली की प्रत्येक कोअरचा रकाना दिसतो. इंटेल किंवा एएमडीच्या यंत्रावर तळाशी ‘आरईएस’, ‘सीएएल’ आणि ‘टीएलबी’ या ओळी अनुक्रमे वरील तीन कामांची मोजदाद ठेवतात. अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅमला सतत मेमरी घेऊन परत करायला लावले, की ‘टीएलबी’चा आकडा भराभर चढतो. तोच प्रोग्रॅम व्हर्च्युअल मशिनमध्ये (खऱ्या यंत्रात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात) चालवला तर आकडे सारखे दिसूनही वेळ जास्त लागू शकतो. हार्डवेअरची खास मदत नसेल, तर पाहुण्या (व्हर्च्युअल मशिनमधल्या) कर्नलने पाठवलेला आयपीआय हायपरवायझरला, म्हणजे व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, मध्ये पडून पोचवावा लागतो.