चिवड्याचं फुगलेलं पाकीट आणि डोंगरावरचं विमान

जूनमध्ये लेहला गेलो तेव्हा बॅगेत बडोद्याच्या लीलो चिवड्याची तीन पाकिटं होती. खोलीवर बॅग उघडली तर तिन्ही उशीसारखी टम्म. चिवडा तेवढाच, आतली हवाही बडोद्याचीच. बाहेरच्या हवेचा दाब मात्र बडोद्याच्या दोन तृतीयांशच राहिला होता. कोपरा कापला आणि फुस्स करून बडोद्याची हवा निघून गेली.

बडोद्याचा हरणी विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर आहे, लेहचा ३,२०० मीटरच्याही वर. हरणीवरून उठणारी हवाई दलाची पंख्याची मालवाहू विमानं आम्ही गच्चीवरून बघत आलोय, आधी एएन-३२ आणि आता सी-२९५. ती पाकिटं बघितली आणि पहिल्यांदा नीट कळलं, की ही विमानं ज्या हवेवर तरंगतात तीच वर गेल्यावर विरते.

पंखा एका फेऱ्यात जेवढी हवा मागे लोटतो, तिचं वजन लेहला पाव हिश्शानं कमी भरतं. इंजिनही तीच विरळ हवा ओढतं. आणि पंखांखाली हवा कमी म्हणून विमानाला जास्त पळावं लागतं. समजा, बडोद्यात ताशी १८० किलोमीटरला जमीन सोडणारं विमान आहे. तेवढंच ओझं घेऊन लेहला त्याला २१० च्या आसपास वेग लागेल. वेगमापक मात्र तेव्हाही १८०च दाखवेल, कारण तो हवेचा धक्का मोजतो. धावपट्टी किती झपाट्यानं संपतेय हे त्या काट्यावर दिसत नाही.

तरी खरा पेच धावपट्टीवर नाही, खिंडीवर आहे. दोन इंजिनांचं विमान म्हणजे दोघं कमावती असलेलं घर समजा. दोघांचे मिळून ८० हजार येतात, खर्च ४५. उरलेल्या ३५ हजारांवर विमान वर चढतं, कारण चढणं म्हणजे शिल्लक. उंचीवर दोघांचेही पगार घटतात, ८० चे ६० होतात. खर्च मात्र वाढून ५२ वर जातो, कारण तेच वजन विरळ हवेत तोलायला जास्त शक्ती लागते. शिल्लक ८. अशात एक इंजिन बंद पडलं तर ३० मध्ये ५२ चं घर चालवायचं! अर्धी नव्हे, सगळीच शिल्लक गेली. विमान सावकाश खाली येऊ लागतं आणि हवा पुरेशी दाट लागली की स्थिरावतं. ती उंची खिंडीच्या माथ्यापेक्षा वर की खाली, हे उड्डाणाआधीच काढावं लागतं. किती माल भरायचा हे त्या उत्तरावर ठरतं, डब्यात जागा किती आहे यावर नाही.

एएन-३२ ला एकेक ५,००० अश्वशक्तीहून जोरकस इंजिन दिलंय ते यासाठीच. मोठे पंखे जमिनीला लागू नयेत म्हणून ती इंजिनं पंखांच्या वर बसवलेली दिसतात.

१९४२ ते १९४५ मध्ये आसामातून हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमानांनी चीनला रसद जायची. सुमारे साडेसहा लाख टन माल पोचला आणि जवळजवळ ६०० विमानं वाटेत गमावली. इंजिन बंद पडलं की वैमानिक माल बाहेर ढकलून देत. पगार वाढवणं हातात नाही म्हटल्यावर खर्चच कापायचा. २४ मे १९४८ ला एअर कमोडोर मेहरसिंग डकोटा घेऊन लेहला उतरले, सोबत मेजर जनरल थिमय्या होते. धावपट्टी लडाखी अभियंते सोनम नोरबूंनी सिंधूकाठी घाईघाईनं तयार करून घेतलेली. त्या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नव्हती. माझ्या पाकिटाला जे झालं ते त्या माणसांच्या कानांना, फुप्फुसांना वाटेत सोसावं लागलं असणार. त्यांच्याविषयी वाटणारा आदर लेहमध्ये दोन जिने चढून धाप लागली तेव्हा दुणावला.

आणि वारा. डोंगरावरून पलीकडे घसरणारा वारा विमानालाही खाली ओढतो, आणि भरलेल्या विमानाकडे त्याला तोंड द्यायला शिल्लक नसते. दुपारी ऊन तापलं की वारा बिथरतो, म्हणून लेहची बहुतेक विमानं सकाळीच येतात-जातात. लहान विमानांचे वैमानिक तर डोंगराच्या धारेवर सरळ चालून जात नाहीत, साधारण ४५ अंशांत तिरके जातात. समोरून गेलं आणि चढ पुरेना, तर पूर्ण मागे फिरावं लागतं, तेही अरुंद दरीत. तिरकं गेलं तर ४५ अंश वळलं की विमान धारेला समांतर होतं, आणि आणखी थोडं वळलं की नाक दरीकडे.