विधानसभेला पहिल्यांदा उभे राहताय? उमेदवारी अर्ज भरण्याआधी हे वाचा

आमदारकीला उभं राहायचं ठरतं, भावकीत बोलणं होतं, फ्लेक्सवर कोणता फोटो टाकायचा यावर दोन रात्री जागून काढल्या जातात. अर्ज कोण भरणार, हा विषय मात्र शेवटच्या दिवसावर ढकललेला असतो. छाननीत नवख्यांचे अर्ज बाद होतात ते बहुतेक वेळा अपात्रतेमुळे नव्हे. कुठे रकाना कोरा राहिलेला असतो, कुठे सूचक (उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार) शेजारच्या मतदारसंघातला निघतो, कुठे शपथच घ्यायची राहिलेली असते. म्हणून इथे भर कागदांवर आहे, आणि तोही मुख्यतः अपक्ष किंवा छोट्या पक्षाकडून लढणाऱ्यांसाठी.

उभं कोण राहू शकतं

भारताचा नागरिक हवा, वय २५ पूर्ण हवं (छाननीच्या तारखेला पूर्ण असलं तरी चालतं) आणि राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव हवं. ज्या मतदारसंघातून लढायचं तिथलंच मतदार असण्याची अट नाही. पुण्यातल्या यादीत नाव असलेला माणूस साताऱ्यातल्या जागेवरून लढू शकतो. राज्याची हद्द मात्र ओलांडता येत नाही. बेळगावात मतदार असलेल्याला चंदगडमधून विधानसभा लढवायची तर आधी महाराष्ट्रातल्या यादीत रीतसर नाव यायला हवं.

शिक्षणाची अट नाही. दोन अपत्यांचा नियम, घरात शौचालय असल्याचा दाखला या ग्रामपंचायत-जिल्हा परिषदेच्या गोष्टी आहेत. विधानसभेला त्या लागू नाहीत, तरी दर वेळी कुणीतरी त्यांची धास्ती घेऊन बसलेलं असतं.

महाराष्ट्रातल्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. तिथून लढायचं तर महाराष्ट्रातला जातीचा दाखला लागतो. हा कागद किती निर्णायक असतो ते २०२४ च्या लोकसभेला रामटेकमध्ये दिसलं. रश्मी बर्वे यांचं जातवैधता प्रमाणपत्र रद्द झालं आणि छाननीत त्यांचा अर्ज गेला. पर्यायी उमेदवार म्हणून पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज भरून ठेवलेला होता. ते लढले आणि निवडूनही आले. ‘डमी’ अर्ज म्हणून आपण ज्याला हसतो, त्याचं काम हे.

अपात्रतेचे मुद्दे थोडक्यात असे: दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल तर दोषी ठरल्यापासून सुटकेनंतर सहा वर्षांपर्यंत लढता येत नाही (काही गुन्ह्यांत कमी शिक्षेवरही अपात्रता येते). सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा नुसता देऊन भागत नाही, तो मंजूर झालेला हवा. राज्य सरकारशी कंत्राट चालू असेल तरी अडचण आहे. ठेकेदार मंडळींसाठी एक खुलासा: काम पूर्ण झालंय आणि फक्त बिल अडकलंय, एवढ्यावरून अपात्रता येत नाही.

वेळापत्रक

अधिसूचना निघाली की त्यानंतर सातव्या दिवसापर्यंत अर्ज घेतले जातात. वेळ सकाळी ११ ते दुपारी ३, सार्वजनिक सुटीला कार्यालय बंद. २०२४ मध्ये अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, अर्जाची शेवटची तारीख होती २९, छाननी ३० ला. माघार एरवी छाननीनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत असते, पण मध्ये लक्ष्मीपूजन, पाडवा आणि रविवार आल्याने ती ४ नोव्हेंबरपर्यंत गेली. बंडखोरांच्या मनधरणीला नेत्यांना अख्खी दिवाळी मिळाली.

अर्ज निवडणूक निर्णय अधिकारी किंवा सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे उमेदवाराने किंवा सूचकाने स्वतः नेऊन द्यायचा. पोस्टाने चालत नाही. निवडणूक आयोगाच्या ‘सुविधा’ पोर्टलवर अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण त्याची प्रिंट काढून, सह्या करून प्रत्यक्ष हजर राहावंच लागतं. मिरवणूक कितीही मोठी असो, कार्यालयापासून १०० मीटरच्या आत तीनच गाड्या आणि दालनात उमेदवारासह पाचच जण.

नमुना २ब आणि दहा सूचक

मूळ अर्ज म्हणजे नमुना २ब. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला आणि नुसत्या नोंदणीकृत पक्षाच्या उमेदवाराला दहा लागतात. सूचक त्याच मतदारसंघाचा मतदार हवा, आणि इथेच घोळ होतो. तालुका एक असला तरी मतदारसंघ एक असेलच असं नाही. पुनर्रचनेत कित्येक तालुके दोन-दोन मतदारसंघांत विभागले गेले आहेत.

तक्त्यात प्रत्येक सूचकाचा यादी भाग क्रमांक, त्या भागातला अनुक्रमांक, नाव आणि सही असते. क्रमांक ताज्या यादीतून घ्या. जुन्या मतदार चिठ्ठीवरचे उतरवले की ते हमखास चुकतात, कारण पुरवणी यादी आली की क्रम बदलतो. सही न येणारा सूचक असेल तर त्याचा अंगठा घरी घेऊन भागणार नाही, तो अधिकाऱ्यासमोरच घ्यावा लागतो. माझं मत विचाराल तर अशा सूचकाला सोबतच न्या.

एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात, अनामत एकदाच भरायची. चारही अर्जांवर तेच दहा सूचक घेण्यापेक्षा निदान दोन अर्ज वेगवेगळ्या दहा जणांचे ठेवा. एका सूचकावर हरकत आली तर दुसरा अर्ज तारतो. तिकिटाची आशा असलेले पक्षाचा एक आणि दहा सूचकांसह अपक्ष असा दुसरा अर्ज भरतात, ते याच हिशेबाने. एबी फॉर्म (हाच आमचा अधिकृत उमेदवार, असं पक्षाचं पत्र) शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत शाईच्या मूळ सहीनिशी पोहोचावा लागतो, झेरॉक्स चालत नाही. २०२४ मध्ये नाशिक जिल्ह्यात एबी फॉर्म हवाई मार्गाने आणल्याच्या बातम्या आपण वाचल्या. ज्याच्यासाठी विमान येणार नाही, त्याने दहा सूचक गोळा करून ठेवावेत.

चिन्हांसाठी अपक्षाने मुक्त चिन्हांच्या यादीतली तीन नावं पसंतीक्रमाने लिहायची. तुम्ही आधी जो अर्ज दाखल केला त्यातलीच पसंती धरली जाते, तो अर्ज पुढे बाद झाला तरी. त्यामुळे पहिला अर्ज घाईत आणि चिन्हाचा विचार नंतर, असं करू नका. दुरून ओळखू येईल आणि दुसऱ्या चिन्हासारखं दिसणार नाही असं चिन्ह निवडा. तुतारी-पिपाणीचा घोळ महाराष्ट्राने पाहिला आहे.

शपथपत्र: नमुना २६

सगळ्यात जास्त वेळ हे खातं. नोटरी, शपथ आयुक्त किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर ते करायचं. स्वतः, पती किंवा पत्नी, एकत्र हिंदू कुटुंब आणि अवलंबून असलेले, अशा सर्वांचे पॅन आणि विवरणपत्रात दाखवलेलं पाच वर्षांचं उत्पन्न त्यात येतं. मग रोकड, ठेवी, गाड्या, दागिने (वजन आणि किंमत), जमीन, घर, कर्ज, सरकारी थकबाकी, प्रलंबित गुन्हे, शिक्षण, समाजमाध्यमांवरची खाती.

शेतकऱ्याने जमिनीच्या रकान्यापाशी जरा थांबावं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं, शपथपत्र एकरात विचारतं. ०.८० हेक्टर म्हणजे १.९८ एकर. गट क्रमांक, वडिलोपार्जित की खरेदीची, खरेदीची असेल तर तारीख आणि तेव्हाची किंमत, शिवाय आजचा अंदाजे बाजारभाव, हे सगळं लागतं. सामाईक सातबारा असेल तर तुमच्या हिश्शाचं लिहा, चुलत्यांचं नको.

एकही रकाना कोरा ठेवू नका. दाखवण्यासारखं काही नसेल तिथे ‘निरंक’, प्रश्नच येत नसेल तिथे ‘लागू नाही’, पत्नीकडे पॅन नसेल तर ‘पॅन नाही’ असं लिहा. नुसती रेघ ओढणं टाळा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये सांगितलंय की अधिकाऱ्याने कोऱ्या जागांची आठवण करून द्यावी आणि तरीही त्या भरल्या नाहीत तर अर्ज फेटाळता येतो. खोटी माहिती दिली किंवा लपवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गुन्हे प्रलंबित असतील तर माघारीची मुदत संपल्यानंतर ते वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करावे लागतात. तो खर्च तुमच्याच खात्यात.

सोबत काय न्यायचं

अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००, मग जागा खुली का असेना. रोख किंवा कोषागाराचं चलन, धनादेश घेत नाहीत. चिल्लर घेऊन जाणारे उमेदवार बातमीत येतात खरे, पण नाणी मोजण्यात वेळ त्यांचाच जातो. दुसऱ्या मतदारसंघातले मतदार असाल तर तिथल्या यादीची प्रमाणित प्रत न्या. फोटो तिकिटाएवढा, २ बाय २.५ सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, टोपी-गॉगल नको, तीन महिन्यांतला. निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खातं अर्जाच्या निदान एक दिवस आधी उघडलेलं असावं.

अर्ज दिल्यावर अधिकारी तपासणी सूची देतात, काय अपुरं आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. ती नीट वाचा. आणि शपथ! राज्यघटनेप्रमाणे उमेदवाराने अर्ज दिल्यानंतर शपथ किंवा प्रतिज्ञा घ्यायची असते आणि ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंतच चालते. छाननीच्या दिवशी सकाळी घेतलेली शपथ उपयोगाची नाही. अर्ज दिल्या दिल्या तिथेच घ्या आणि प्रमाणपत्र हातात घेऊन बाहेर पडा.

छाननीला उमेदवार, निवडणूक प्रतिनिधी, एक सूचक आणि आणखी एक जण बसू शकतो. किरकोळ चुकीवरून अर्ज फेटाळता येत नाही, असं कायदाच सांगतो. पण फेटाळला तर निवडणूक चालू असताना न्यायालय मध्ये पडत नाही. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, हा एकच रस्ता उरतो.

डिपॉझिट आणि हिशेब

एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तर अनामत परत मिळते. १,८०,००० वैध मतं असतील तर ३०,००० वर डिपॉझिट जप्त, ३०,००१ वर वाचलं. ‘नोटा’ या बेरजेत धरत नाहीत. अर्ज बाद झाला किंवा माघार घेतली तरी पैसे परत मिळतात.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ४० लाख, गोव्यात २८ लाख. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालापर्यंतचा खर्च त्यात मोजतात. एका व्यक्तीला १०,००० च्या वर रोख देता येत नाही. हिशेबाची वही प्रचारकाळात तीनदा तपासली जाते, म्हणून मंडपवाल्याची आणि चहावाल्याची बिलं रोजच्या रोज लावत जा. निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा असतो. पडलेला उमेदवार इथे सुस्तावतो. योग्य कारणाशिवाय हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मतं २०० पडली असली तरी हिशेब द्या आणि पोच घेऊन ठेवा.