‘कंपनी फिटेड आहे का?’

साताऱ्यात कुणी जुनी गाडी बघायला गेलं की बॉनेट उघडायच्या आधीच विचारतं, “हे कंपनी फिटेड आहे की बाहेरून बसवलंय?” सीएनजी किट असो नाहीतर सायलेन्सर, उत्तरावर भाव ठरतो. गाडीच्या ताकदीवरून हाच प्रश्न अमेरिकेत १९६०च्या दशकात फार रंगला होता.

जनरल मोटर्सने १९६३च्या सुरुवातीला आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींपासून लांब राहायला सांगितलं. मधल्या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन नको, असाही दंडक होता. नवं मॉडेल काढायचं तर वरून मंजुरी हवी, ऑप्शनला, म्हणजे वरचे पैसे देऊन घ्यायच्या जोडसामानाला, मात्र ती लागत नव्हती. पाँटिअ‍ॅक या जनरल मोटर्सच्याच विभागातल्या इंजिनिअरांनी नेमकं हेच हेरलं. १९६४च्या टेम्पेस्ट लेमान्स या मधल्या आकाराच्या गाडीला त्यांनी तीनशे डॉलरच्या आतलं एक पॅकेज जोडलं, जीटीओ. त्यात मोठ्या पाँटिअ‍ॅकचं ३८९ घनइंची, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन होतं. थोडक्यात, कंपनीनेच कंपनीचा नियम वाकवला.

डीलर त्याच्याही पुढचे. मिशिगनमधल्या रॉयल पाँटिअ‍ॅक या शोरूमचं ‘बॉबकॅट’ किट प्रसिद्ध होतं. त्यात काय असायचं हे ऐकून आपला जुना फिटर हसेल: हेडला पातळ गॅस्केट, कार्बोरेटरचे जेट बदललेले, ठिणगीचं टायमिंग थोडं पुढं. हीच कामं इथल्या गॅरेजात झाडाखाली होत आली आहेत. फरक एवढाच की तिथे ती डीलरच्या बिलावर होती.

सगळ्यात मजेशीर गोष्ट डॉन येन्कोची. हा स्वतः शर्यतीत उतरणारा, पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गचा शेवरले डीलर. १९६७च्या कॅमारो या शेवरले गाडीत ४०० घनइंचावर इंजिन द्यायला कंपनी तयार नव्हती. येन्कोने नव्याकोऱ्या गाडीचं इंजिन उतरवून ४२७ घनइंचाचं चढवायला सुरुवात केली. पण असं गाडीगणिक इंजिन उतरवणं म्हणजे दुप्पट काम. मग त्याला कोपो सापडलं. कोपो म्हणजे सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर, टॅक्सीवाले आणि पोलिसांसारख्या घाऊक गिऱ्हाइकांच्या खास मागण्यांसाठी ठेवलेला फॉर्म. १९६९मध्ये ९५६१ क्रमांकाच्या ऑर्डरवर तेच ४२७चं इंजिन थेट कारखान्यातच बसून यायला लागलं. काल डीलरचा उद्योग होता, आज कंपनी फिटेड. इंजिन तेवढंच, बदलला तो कागद.

आपल्याकडे तेव्हा ऑप्शनची यादीच नव्हती. अ‍ॅम्बॅसेडर किंवा फियाट मिळतेय हेच खूप. मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये आली, इंजिन ७९६ सीसीचं. आमच्या जुन्या ८००चा एसी बाहेरून बसवलेला. साताऱ्याकडे येताना खंबाटकीचा चढ लागला की वडील काही न बोलता त्याचं बटण बंद करायचे आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायचे. काचा आम्ही आपणहून खाली घ्यायचो. पिकअप वाढवायचा आमच्या घरातला तो एकमेव उपाय.

ताकदीची गाडी थेट कारखान्यातून द्यायचे प्रयत्न पुढे झाले. फियाटची १४५ पीएसची (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्तीच) अबार्थ पुंटो २०१५मध्ये आली. २०१८मध्ये टाटाने कोइम्बतूरच्या जयेम या कंपनीबरोबर ११४ पीएसची टियागो जेटीपी काढली. बीएस-६च्या प्रदूषण नियमांपुढे तीही टिकली नाही.

येन्को इथे असता तर आरटीओतच अडकला असता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार, निर्मात्याने मूळ ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. सीएनजीला मान्यताप्राप्त किट आणि आरसीवर नोंद अशी वाट आहे. मारुतीने २०१०पासून ते कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. या कायद्यामुळेच आपल्या शोरूमच्या अ‍ॅक्सेसरी काउंटरवर ताकदीचं काही मिळत नाही. मिळतात सीट कव्हर, मडफ्लॅप, अलॉय.

ताकद हल्ली लॅपटॉपमधून येते. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला वायर जोडायची, ईसीयूची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरची, फाइल बदलायची, की झालं रिमॅप. अनेक गाड्यांत पान्याला हात लावावा लागत नाही, आरसीवर एक अक्षर उमटत नाही. सर्व्हिसिंगची तारीख जवळ आली की वॉरंटीच्या भीतीने पोरं जुनी फाइल परत टाकून घेतात, आणि गाडी शोरूममधून धुऊन आली की पुन्हा नवी.