पाझर तलाव लवकर आटला तर बरं, शेततळं आटलं तर वाईट

संक्रांतीच्या सुमाराला गावचा पाझर तलाव कोरडा पडला की पारावर निकाल लागतो: काम निकृष्ट झालं, तलाव गळका निघाला. शेजारच्या गावच्या तलावात मात्र होळीपर्यंत पाणी चमकत असतं, म्हणून तो चांगला. हे दोन्ही निकाल बहुतेक वेळा उलटे असतात. पाझर तलाव गळण्यासाठीच बांधलेला असतो. ज्याच्या तळाला थेंब मुरला तरी नुकसान, ते म्हणजे प्लास्टिक कागद अंथरलेलं शेततळं. लांबून दोन्हीकडे मातीचा भराव आणि मधे पाणी एवढंच दिसतं, त्यामुळे एकाची फूटपट्टी दुसऱ्याला लावली जाते.

मराठवाड्यातले बरेच पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळातल्या आणि नंतरच्या रोजगार हमीच्या कामांमधले. हाताला काम हवं होतं आणि विहिरींना पाणी, म्हणून नाल्यावर आडवा भराव घालायचा हा उपाय सरकारने गावोगाव राबवला. पावसाचं पाणी जमिनीत ठेवून नंतर वापरायची रीत आपल्याकडे त्याहून जुनी आहे. बीडची सोळाव्या शतकातली खजाना विहीर आणि मलिक अंबरने छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या खडकीला, आणलेली नहर ही दोन्ही मुरलेल्याच पाण्यावर चालणारी कामं.

पाझर तलावाच्या भरावात मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचं कवच आणि पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग असतं. पायाखाली खंदक खणून तोही काळ्या मातीने भरतात. पाणी तळातून खाली जावं, पण भरावाखालून वाट काढून भराव कापू नये, हा त्यामागचा हिशोब. पाट नसतो, कारण शेताला पाणी थेट द्यायचंच नसतं. ते तळातल्या मुरमातून आणि भेगाळ मांजऱ्या खडकातून खालच्या अंगाच्या विहिरींना पोचतं. एक गोष्ट इथे स्पष्ट हवी: आपल्या बेसॉल्टमध्ये हे पाणी प्रामुख्याने वरच्या थरात, म्हणजे विहिरींच्या खोलीला फिरतं. सहाशे फुटांचा बोअर वेगळ्या भेगेवर लागलेला असेल, तर तलाव भरूनही त्याला काही मिळेलच असं नाही.

तलाव मुरतो आहे की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. दिवाळीनंतर, नाल्याची आवक थांबली की पाण्यात सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी रोवा आणि दहा दिवसांनी वाचा. या दिवसांत बाष्पीभवन रोजचं ढोबळमानाने 4 ते 5 मिलिमीटर असतं, म्हणजे दहा दिवसांत जास्तीत जास्त 5 सेंटिमीटर. पाणी 15-20 सेंटिमीटर उतरलं तर तलाव काम करतो आहे. जेमतेम 5-6 उतरलं तर तळ बसलाय. (कुणी मोटार टाकून पाणी उचलत असेल तर ही मोजणी फुकट.) होळीपर्यंत टिकणारं पाणी हे बहुतेक वेळा अशा बसलेल्या तळावरचं असतं. ते विहिरीला मिळत नाही, उन्हाला मिळतं.

तळ बसतो तो गाळामुळे. काळ्या रानातून आलेल्या चिकण मातीचा वीतभर थरसुद्धा मुरमाची छिद्रं बुजवायला पुरतो. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकला की दोन्ही कामं होतात, पण यंत्र हाताशी आहे म्हणून भरावाच्या पायथ्याशी खणू नये. तिथला थर फाटला तर पाणी भरावाखालून वाट काढतं. तळात मुरूम लागला की थांबावं. दुसरी हमखास चूक सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेवर होते. जास्त पाणी साठावं म्हणून त्यावर दगड किंवा वाळूची पोती रचतात. मातीच्या भरावावरून पाणी वाहायला लागलं तर तो काही तासांत फुटतो, आणि खालच्या रानांची माती घेऊन जातो. भरावावर वाढलेल्या बाभळी आणि उंदीर-घुशींची बिळं हे त्यापेक्षा सावकाश होणारं नुकसान, पण तेही भराव पोखरणारंच.

आता शेततळं. नेहमीचा आकार 30 बाय 30 मीटर, खोली 3 मीटर. बाजूंना 1:1 उतार (खोलीइतकाच आडवा) दिला की तळ 24 बाय 24 उरतो आणि साठा येतो 2196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर. एका एकराला 5 सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला 2 लाख लिटर लागतात. कागदावर अकरा पाणी निघतात, पण बाष्पीभवन आणि तळाशी ठेवायचं पाणी वजा करून सात-आठ धरावीत. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली आणि सोयाबीन शेंगा भरण्यात असेल तर त्यातलं एखादं पाणीही पीक वाचवतं.

हवा किती पिते त्याचाही हिशोब करा. मे महिन्यात रोज 8 मिलिमीटर धरले तरी 900 चौरस मीटरच्या पृष्ठभागावरून रोज 7200 लिटर जातात. मोठ्या मोसंबीला उन्हाळ्यात झाडाला रोज 100 लिटर धरले, तर अर्ध्या एकराहून जास्त बागेचं पाणी तळं काही न करता उडवतं. म्हणूनच पावसाळ्यात तळं भरून ते मेपर्यंत राखत बसणं महाग पडतं.

कागद सहसा 500 मायक्रॉनचा वापरतात. वरच्या आकाराला काठावरच्या चारीची पट्टी सोडून सुमारे 1035 चौरस मीटर लागतो. उतार घोटून घ्यावेत, खडे आणि हरळीची मुळं काढावीत, त्यावर चाळलेल्या मातीचा थर द्यावा. काळ्या मातीत 1:1 उतार टिकत नाही, ती फुगते आणि ढासळते. तिथे 1.5:1, म्हणजे खोलीच्या दीडपट आडवा द्यावा. कागद ताणून बसवू नये. कडा वरच्या चारीत दोन फूट गाडाव्यात. तळं पूर्ण रिकामं ठेवलं की वारा कागद उचलतो आणि ऊन तो जाळतं, म्हणून तळाशी फूट-दोन फूट पाणी राहू द्यावं. सखल रानात पावसाळ्यात भूजल वर आलं की रिकाम्या तळ्याचा कागद खालून फुगतो. ओला कागद इतका निसरडा असतो की पोहणारा माणूसही काठावर चढू शकत नाही. जाळीचं कुंपण आणि चारही बाजूंना गाठी मारलेले दोर कागदाबरोबरच बसवावेत, नंतर नाही.

दोघांचं भांडण लागतं ते भरताना. नाल्याचं पाणी गाळखड्ड्यातून घेऊन तळं भरलं तर कुणाचं काही जात नाही. सप्टेंबरात विहीर तोंडाशी आली असताना उपसून भरलं तरी चालतं, पुढच्या पावसाने ती भरते. पण डिसेंबर-जानेवारीत बोअर आणि विहिरी रात्रंदिवस चालवून भरलेलं तळं म्हणजे पाझर तलावाने मुरवलेलं गावाचं पाणी वर काढून उन्हात ठेवणं. मग खालच्या अंगाच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात आणि बोल मात्र पाझर तलावाला लागतो.

बिनकागदाचं शेततळं या दोघांच्या मधलं. मुरमाड रानात ते छोटा पाझर तलावच होतं, कागद न घालता तसंच राहू द्यावं. भारी रानात पाणी थोडं टिकतं. आपलं रान कुठलं ते पाहायला तळ्याच्या जागी तीन फूट खड्डा घ्या, एकदा भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि सकाळी पाहा. रात्रीत वीतभर उतरलं तर विहीर खालच्या अंगाला असेल तेव्हाच तिथे तळं खणा, नाहीतर कागदाचा खर्च आधीच धरा.