पार्श्वभूमी : झॉम्बी, पत्रा आणि वाळूची पोती

झॉम्बी आले तर काय करायचं, या विषयावर गप्पा रंगल्या की पाच-दहा मिनिटांत कुणीतरी ट्रकला पत्रा ठोकतोच. खिडक्यांवर जाळी, पुढे नांगरासारखं टोक, हौद्यात वाळूची पोती. ही गाडी काही निव्वळ कल्पनेतली नाही. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिचे बरेच नमुने खरोखर रस्त्यावर उतरले आहेत. फक्त ते गोळी, सुरुंग किंवा रॉकेट डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले होते. चावणारा शत्रू त्यात कुणाच्याच मनात नव्हता.

जुनं थोडक्यात आवरतो. 1880 साली ऑस्ट्रेलियात ग्लेनरोवनला पोलिसांशी लढलेल्या दरोडेखोरांच्या एका टोळीने नांगराचे जाड लोखंडी पत्रे तापवून, ठोकून अंगावर घालायची चिलखतं केली. म्होरक्याचं चिलखत 44 किलोच्या आसपास होतं. डोकं, छाती, पाठ झाकलेली आणि पाय उघडे. पोलिसांनी पायांवर गोळ्या घातल्या. 1914 मध्ये बेल्जियममध्ये श्रीमंतांच्या मोटारींवर पोलादी पत्रे चढले, आणि डंकर्कला ब्रिटिशांनी बॉयलरचा पत्रा वापरून पाहिला. जवळून मारलेली रायफलची गोळी त्यातून जात असे. 1940 मध्ये जर्मन उतरणार या धास्तीने ब्रिटनमध्ये लॉऱ्यांवर काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या, तर काही लॉऱ्यांवर दुहेरी लाकडी खोके आले, मधल्या पोकळीत खडी भरलेले. त्याच सुमारास न्यूझीलंडमध्ये ट्रॅक्टरवर पन्हाळी पोलादाचा डबा चढवून ‘रणगाडा’ झाला. त्याचा गियर बदलायला गाडी थांबवावी लागायची आणि एका मशीनगनवाल्याला इंजिनवर गादी टाकून पालथं पडावं लागायचं. लोक हसले. पण कारखाना नाही, पोलाद नाही आणि जपानी कधी येतील सांगता येत नाही, अशा वेळी कुणी दुसरं काय केलं असतं?

आता वाळूच्या पोत्यांचं प्रकरण, ज्यावर अजून वाद होतात.

1944 च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत उतरलेल्या अमेरिकी शर्मन रणगाड्यांची गाठ जर्मनांच्या पँझरफाउस्टशी पडली. एका सैनिकाने खांद्यावरून नेता येईल असं, एकदाच उडणारं हे हत्यार. त्याच्या नंतरच्या प्रकाराचा मारा साधारण 200 मिलिमीटर पोलाद भेदायचा. शर्मनचा पुढचा पत्रा तिरका होता, पण जाडी पन्नास-साठ मिलिमीटर. हे गणित रणगाड्यातल्या पोरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी हाताशी होतं ते लावलं : सुटे पट्टे, लाकडाचे ओंडके, ओतीव सिमेंट आणि सगळ्यात जास्त वाळूची पोती. दक्षिणेकडच्या एका डिव्हिजनने तर लोखंडी चौकटी वेल्ड करून रणगाड्याच्या तिन्ही बाजूंना पोती शिस्तीत रचली.

शेजारच्या आर्मीच्या सेनापतीने मात्र पोत्यांवर सरळ बंदी घातली. त्याच्या दारूगोळा विभागाचं म्हणणं होतं की पोत्यांनी असला मारा थांबत नाही, वजनाने स्प्रिंग आणि ट्रान्समिशन तेवढे बसतात. पुढे 1945 च्या सुरुवातीला त्याने फुटलेल्या रणगाड्यांचे पत्रे कापून चांगल्या रणगाड्यांवर चढवायला लावले. म्हणजे जादा चिलखताला त्याची ना नव्हती, वाळूला होती.

हा निर्णय बरोबर होता का? तांत्रिक बाजूने बहुधा हो. पँझरफाउस्टमधल्या आकारित दारूच्या स्फोटातून निघणारी धातूची धार वाळूतून जाते, पोती अंतर थोडं वाढवतात इतकंच. आणि अंतर वाढल्याने प्रत्येक वेळी फायदाच होतो असंही नाही. पण आत बसलेल्या पाच जणांना पोत्यांमुळे रात्री झोप येत असेल, सकाळी गाडी पुढे न्यायचं धाडस होत असेल, तर त्याची किंमत कुठल्या तक्त्यात लिहायची? बंदीच्या बाजूने लिहिणारे गिअरबॉक्स मोजतात. विरोधात लिहिणारे माणसं मोजतात. मला स्वतःला सेनापतीचा निर्णय पटतो, पण तो रणगाड्यात बसत नव्हता, हेही तितकंच खरं.

पोती पुन्हा दिसली ती व्हिएतनाममध्ये. 2 सप्टेंबर 1967 ला रस्ता क्रमांक 19 वर, आन खे जवळ, सदतीस गाड्यांचा अमेरिकी ताफा दबा धरून बसलेल्यांच्या तावडीत सापडला. सात ठार, सतरा जखमी, तीसेक गाड्या जळाल्या किंवा निकामी झाल्या. ताफ्यातल्या ड्रायव्हरांनीच मग उपाय काढला. अडीच टनी ट्रकच्या हौद्याला आतून लाकडी ओंडके आणि वाळूची पोती लावायची, वर मशीनगन बसवायच्या. कल्पना ठीक होती, पण पावसाळा आला. ओल्या वाळूचा ट्रक ज्याने घाटात चढताना पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. पोती पाणी प्याली, पाटे बसले, इंजिन रडायला लागलं आणि ताफ्याचं रक्षण करायची गाडीच ताफ्याच्या मागे राहू लागली.

वाळू गेली, पोलाद आलं. ट्रकही पाच टनी घेतले. हौद्यात पत्र्याच्या दोन भिंती उभ्या केल्या आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा सोडली. बाहेरच्या भिंतीने गोळीचा जोर मोडायचा, आतल्या भिंतीने ती अडवायची. हे कुठल्या मुख्यालयाच्या नकाशावर नव्हतं. वाहतूक कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये, भंगारातून, कधी दुसऱ्या युनिटचं पोलाद उचलून आणून ते झालं. काहींनी तर निकामी चिलखती गाडीचं अख्खं कवचच ट्रकवर ठेवलं. प्रत्येक गाडीला नाव, बाजूला रंगवलेलं, आपल्याकडच्या ट्रकसारखंच. युद्ध संपल्यावर जवळजवळ सगळ्या मोडीत निघाल्या. एक परत नेली, ती व्हर्जिनियात फोर्ट यूस्टिसच्या संग्रहालयात आहे. कसब मात्र कुणी नीट लिहून ठेवलं नाही.

त्यामुळे 2003 मध्ये इराकमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू झालं. हम्व्ही या अमेरिकी लष्करी जीपगाड्यांच्या अनेक दारांना नुसतं कापड, आणि रस्त्याकडेला बॉम्ब. सैनिकांनी जमिनीवर पोती अंथरली, दारांना भंगारातले पत्रे जोडले, प्लायवूडचे खोके केले. या प्रकाराला त्यांच्यातच एक नाव पडलं, ज्याचा मराठी भाव ‘गावठी चिलखत’ असा होईल. 8 डिसेंबर 2004 ला कुवेतमधल्या तळावर एका सैनिकाने थेट संरक्षणमंत्र्यांना विचारलं, आम्हाला गाड्यांसाठी भंगारात पत्रा का शोधावा लागतोय? मंत्री म्हणाले, हाताशी असलेल्या सैन्यानिशीच युद्धाला जावं लागतं. ते उत्तर त्यांना शेवटपर्यंत चिकटलं. प्रश्न घडवायला एका पत्रकाराचा हात लागला होता हे नंतर कळलं, पण त्या प्रश्नावर वाजलेल्या टाळ्या सैनिकांच्याच होत्या.

या गावठी चिलखतातली खरी गोम पत्र्यात होती. दुकानात मिळतो तो एमएस पत्रा, म्हणजे साधं मऊ पोलाद. स्फोटात त्याचे तुकडे सुटतात आणि बाहेरच्या बॉम्बचं काम आतला पत्राच करतो. कठीण केलेलं पोलाद मिळालं तरी वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीच्या आजूबाजूचा पट्टा मऊ पडतो. आणि वजन आहेच. जड झालेल्या हम्व्ही वळणावर कलंडायच्या, कालव्यात उलट्या पडायच्या, आणि आतल्यांना ती जड दारं उघडायची नाहीत. पुढे गाडी उलटल्यावर बाहेर कसं पडायचं हे शिकवायला गोल फिरणारे सांगाडे बनवावे लागले.

युक्रेनचं युद्ध सगळ्यांनी फोनवर पाहिलंय, म्हणून एवढंच : 2022 मध्ये रशियन रणगाड्यांवरच्या लोखंडी पिंजऱ्यांची जगभर टिंगल झाली आणि वर्षा-दोन वर्षांत दोन्ही बाजूंनी तेच पिंजरे लावले, कारण ड्रोन वरून येत होते. 2024 च्या वसंतात तर अख्खी शेड पांघरलेले रणगाडे निघाले. त्यातल्या अनेकांचा तोफेचा बुरूज नीट फिरतही नव्हता.

झॉम्बींसाठी यातला कुठला वारसा घ्यायचा? मराठीत आपण ‘चिलखत’ हा एकच शब्द रणगाड्यांच्या फौजेलाही लावतो आणि अंगावरच्या कड्यांच्या अंगरख्यालाही. म्हणून ‘कशापासून?’ हा प्रश्न मागे पडतो. प्रतापगडावर 1659 साली अंगरख्याखाली जे चिलखत होतं असं आपण शाळेपासून ऐकत आलो, ते जवळून होणाऱ्या कट्यारीच्या वारासाठी होतं. झॉम्बीही जवळच येतो आणि त्याच्याकडे कट्यारसुद्धा नाही, दात आहेत. दातांविरुद्धची साधनं रोजच्या वापरात आहेतच : पोलिसांचे कुत्रे शिकवताना हातावर चढवतात ती तागाची जाड बाही, मांस कापणाऱ्यांचा पोलादी कड्यांचा हातमोजा, शार्कजवळ पोहणाऱ्यांचा त्याच जातीचा अंगभर पोशाख. यातलं काही गोळी अडवत नाही. अडवायची गरजही नाही.

गाडीचंही तसंच. दंगलीत जाणाऱ्या पोलीस व्हॅनच्या काचांवर जी जाळी असते, ती दगड अडवते, हात आत येऊ देत नाही, ड्रायव्हरला समोरचं दिसतं आणि पाट्यांना तिचा भार जाणवतही नाही. अमेरिकेच्या एका सरकारी आरोग्य संस्थेने 2011 च्या मे महिन्यात झॉम्बींचं निमित्त करून आपत्तीच्या तयारीची यादी छापली होती. तीत पाणी, औषधं, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि डक्ट टेप होती. पत्रा नव्हता.