मुरूम : कुंडीमातीतील वापर

बेसाल्ट खडक झिजून तयार झालेले भरड, खडेदार द्रव्य. सोलापूर परिसरात कुंड्या व गच्चीवरील वाफ्यांच्या मातीत हवा खेळती राहावी म्हणून ते मिसळतात. येथील काळी माती ओली झाली की फुगते आणि कुंडीत मुळांचा श्वास कोंडतो. उलट मुरमाड माळावर डाळिंब चांगले येते.

प्यूमिस या हलक्या ज्वालामुखीय दगडात वायूच्या बुडबुड्यांची छिद्रे मोकळी असतात, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा; त्यातील पोकळ्या पुष्कळदा झिओलाइट, कॅल्साइट किंवा क्वार्ट्झ या खनिजांनी भरलेल्या आढळतात. त्यामुळे मुरमाच्या मिश्रणात हवा मुख्यतः खड्यांमधल्या फटींत राहते आणि खड्याचा आकार निर्णायक ठरतो.

लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी विटकरी लाल पट्टा दिसतो. एका मतानुसार दोन उद्रेकांमधल्या खंडात खालच्या थराचा माथा झिजून ही माती झाली व वरच्या लाव्ह्याने ती भाजली. दुसऱ्या मतानुसार ती ज्वालामुखीय राखेपासून झाली. सर्व पट्ट्यांना एकच उत्पत्ती लावणे धाडसाचे होईल. रासायनिक घडण खालच्या बेसाल्टशी जुळते तेथे पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. बागेसाठी महत्त्वाचे हे, की हा पट्टा चिकणमातीचा असतो. लाल मुरूम समजून तो आणला तर कुंडीत चिखल होतो. मूठभर नमुना रात्रभर पाण्यात ठेवावा : मुरमाचे खडे बोटाला टोचतात, लाल मातीचा लगदा होतो.

मुरूम चाळून ३ ते ८ मिमी.चे खडे घ्यावेत व पाणी नितळ येईपर्यंत धुवावेत. भुकटी राहिली तर तीच फटी बुजवते. ४ घमेली मुरूम, ३ घमेली पालापाचोळ्याचे खत किंवा कोकोपीट, २ घमेली कुजलेले शेणखत व १ घमेले काळी माती हे प्रमाण बहुतेक फुलझाडांना मानवते. अडेनियम व निवडुंगाला मुरूम वाढवून काळी माती वगळावी. काळ्या मातीत थोडाच मुरूम घातला तर खडे चिखलात सुटे रुतून बसतात, एकमेकांना टेकत नाहीत आणि फटी तयारच होत नाहीत.

तळाशी खड्यांचा थर देण्याची पद्धत सर्रास आढळते, पण ती उपयोगाची नाही. बारीक मातीतले पाणी, माती पूर्ण भिजेपर्यंत, खालच्या भरड थरात उतरत नाही. ओल उलट मुळांजवळ वर सरकते.

तपासणी सोपी आहे. एक लिटर मिश्रण भरलेल्या डब्याचे भोक बंद करून पृष्ठभागावर पाणी दिसेपर्यंत ते सावकाश भिजवावे, मग भोक उघडून निथळलेले पाणी मोजावे. १५० मिली. पाणी आले तर हवेची जागा १५ टक्के. १० टक्क्यांखाली मुळे कुजण्याचा धोका वाढतो.

कमी पावसाच्या या भागात मुरमात चुनखडी साचलेली असते. व्हिनेगर टाकल्यावर फेस आला तर असा मुरूम जास्वंद व गुलाबासाठी टाळावा. चुनखडीमुळे लोह मिळेनासे होऊन शिरा हिरव्या राहतात व पान पिवळे पडते. मुरमाचे मिश्रण लवकर सुकते, म्हणून एप्रिल-मेमध्ये लहान कुंड्यांना दोन वेळा पाणी लागते. खड्यांवर पांढरा थर दिसू लागला की तो बोअरच्या जड पाण्यातील क्षारांचा समजावा व पावसाच्या पाण्याने कुंडी भरपूर धुवून काढावी. कुंडी बदलताना खडे टाकून देऊ नयेत. चाळून, धुऊन ते पुन्हा वापरता येतात.